हायड्रोजन उठेपर्यंत: थुवालचा एक आठवडा

सौदी अरेबियाला जाऊन आले म्हटल्यावर लोक मला दोनच प्रश्न विचारतात. बुरखा घालावा लागला का, आणि खजूर आणलेत का? दोन्हींचं उत्तर हो. तिथे गेलीस कशाला, हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. त्याचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून लिहूनच टाकते.

मी साताऱ्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते आणि उरलेल्या वेळात हायड्रोजनचे रेणू स्फटिकावर आपटवते. खरे नव्हेत, संगणकातले. स्फटिक लिथियम फ्लोराइडचा, म्हणजे आपल्या मिठाचा मावसभाऊ. त्याचा पृष्ठभाग आपल्याला गुळगुळीत दिसतो, पण रेणूला तो पन्हळी पत्र्यासारखा लागतो, अणूंच्या ओळीमागे ओळी. हायड्रोजनचा रेणू इतका हलका की तो चेंडूसारखा वागतच नाही, लाटेसारखा वागतो. त्यामुळे आपटल्यावर वाटेल तिकडे उडत नाही, मोजक्या, ठरावीक दिशांनाच परत जातो. याला विवर्तन म्हणतात. त्यातून हा रेणू दोन अणूंचा, गिरक्या घेत येतो, गिरक्या घेत जातो. गणिताचा घाम निघतो तो या गिरक्यांमुळे.

जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेने हेच खऱ्या हायड्रोजनने करून पाहिलं होतं. आरशावरून परतावा तसा सरळ परतणारा झोत त्यांना एका विशिष्ट वेगाला अचानक कमी झालेला दिसला. आलेखात तिथे एक बारीक खड्डा. माझ्या आलेखात खड्डा नव्हता. रेणू आणि स्फटिक यांच्यात ओढ किती, याचं गणित मी चार वर्षं खपून बसवलेलं. माझा लेख तपासणाऱ्यांचं म्हणणं असं की खड्डा नाही म्हणजे ओढच चुकली, सगळं टाकून द्या. माझं म्हणणं, ओढ बरोबर आहे, आमचे संगणक लहान पडतात.

जेद्दाजवळच्या थुवालला समुद्रकाठी नुकतंच एक भलंमोठं विद्यापीठ उघडलं होतं आणि तिथे तसाच भलामोठा संगणक बसला होता. तो सांभाळणारे डॉ. समीर मला एका परिषदेत भेटले होते. त्यांनी डिसेंबर २००९ मधला एक आठवडा देऊ केला, शनिवार ते शुक्रवार संध्याकाळ. त्यानंतर यंत्र दुसऱ्यांच्या ताब्यात, आणि मागे वर्षभराची रांग. म्हणजे शुक्रवारपर्यंत खड्डा दिसला तर माझी चार वर्षं शिल्लक, नाही तर रद्दीत.

जेद्दा

व्हिसासाठी मला मेहरम लागत होता, म्हणजे घरातला पुरुष. माझा नवरा विश्वास बँकेत आहे. त्याने रजा टाकली आणि मुंबईच्या विमानतळापासूनच ताठ चालायला लागला.

"मी आता तुझा अधिकृत पालक आहे," तो म्हणाला.

"मग तुझी औषधं आणि पासपोर्ट कोणाच्या पर्समध्ये आहेत ते पालकांनी सांगावं," मी म्हटलं.

जेद्दाच्या विमानतळावर अधिकाऱ्याने माझा कागद वाचला, मग विश्वासकडे पाहून विचारलं, "प्रोफेसर?" विश्वासने माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि तुम्ही?" "मी हिच्याबरोबर." त्या माणसाला इतकं हसू आलं की त्याने शेजारच्यालाही बोलावून सांगितलं. शिक्के मात्र पटापट मिळाले.

बाहेर हनीफभाई उभे होते. हे दापोलीजवळचे. विश्वास दापोली शाखेत होता तेव्हाची ओळख. जेद्दात ते एसीची कामं करतात, आणि मोकळ्या वेळात चालवायला त्यांच्याकडे एक जुनी, पण घासूनपुसून ठेवलेली गाडी आहे.

"सलाम साहेब. वहिनी, या. काय ओ, साहेब फिरायला आले का कामाला?"

"काम माझं आहे," मी म्हटलं. "साहेब सामानात."

हनीफभाईंनी आरशातून विश्वासकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. "माशाल्ला," ते म्हणाले, आणि पुढचा सिग्नल येईपर्यंत हसत राहिले.

थुवाल

एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये रस्ता, असं तासभर गेल्यावर अचानक खजुरीच्या झाडांची रांग, काचेच्या इमारती आणि कारंजी. झाडं इतकी नवी की अजून आधाराच्या काठ्या बांधलेल्या. फाटकाच्या आत वेगळाच देश. बायका उघड्या डोक्याने फिरतात, मोटारी चालवतात. फाटकाबाहेर मला गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायची बंदी, आत शिकाऊ लायसनवाल्या मुली गोल चौकात इंजिन बंद पाडून खिदळत होत्या. मी अबाया, म्हणजे तो पायघोळ काळा झगा, काढून विश्वासच्या हातात दिला. तेव्हापासून आठवडाभर पालकांचं मुख्य काम हेच, माझा अबाया सांभाळणं.

संगणक दाखवताना डॉ. समीर नव्या बाळाचा बाप असल्यासारखे वागत होते. माणूस पन्नाशीचा, जेद्दाचाच, आवाज मृदू. काळ्या कपाटांच्या रांगाच रांगा, आणि एसी असा की मी पिशवीतली शाल काढून पांघरली. आमच्या कॉलेजात चार संगणक जोडून मी काम करते, आणि उन्हाळ्यात त्यांच्यावर टेबलफॅन लावते. हे मी समीरना सांगितलं तर त्यांना तो विनोद वाटला.

"किती हवेत?" त्यांनी विचारलं. किती प्रोसेसर, असा अर्थ.

मी भीत भीत एक आकडा सांगितला. त्यांनी तो आठपट करून लिहिला. पावकिलो मागितल्यावर भाजीवाल्याने पोतं उचलून द्यावं तसं वाटलं. मी त्या रात्री पलंगावर बसून एकटीच हसत होते, विश्वासने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला.

मग मी सगळं बारीक केलं. पूर्वी स्फटिकावर जिथे दहा ठिकाणी गणित करत असे तिथे चाळीस ठिकाणी केलं, गिरक्यांचे प्रकार वाढवले, स्फटिकाचा तुकडा मोठा घेतला. रविवारी आलेख आला, सरळ. सोमवारी आणखी बारीक, तोही सरळ. मंगळवारी समीर माझ्या खांद्यावरून डोकावले आणि म्हणाले, "सुंदर, गुळगुळीत." त्यांना बिचाऱ्यांना कौतुक करायचं होतं.

बलद

मंगळवारी संध्याकाळी विश्वास म्हणाला, "तुझं तोंड बघवत नाही, मासे खाऊ." हनीफभाई आम्हाला जेद्दाच्या जुन्या भागात, बलदला घेऊन गेले. चार-चार मजली घरं, त्यांना लाकडी जाळ्यांच्या खिडक्या पुढे आलेल्या, खाली अत्तरं, लोबान, बॅगा, घड्याळं. आपल्याकडे रस्त्यात भाव करताना दुकानदार रागावल्याचं नाटक करतो, इथे दुःखी झाल्याचं करतो. एक येमेनी लोबानवाला माझा भाव ऐकून इतका खचला की मीच त्याला धीर दिला आणि त्याच्या भावाने घेतलं.

मग माशांचं दुकान. बर्फावरचा मासा निवडायचा, तो तळून भाताबरोबर देतात. भात कांदा परतून तपकिरी केलेला, बरोबर चिंचेचं सार असावं तशी आंबट चटणी. कुटुंबांसाठी वर पडदे लावलेले वेगळे कोनाडे. पहिला घास घेतला आणि खाली धाडधाड आवाज झाला, दिवे अर्धे गेले.

"दरोडा?" विश्वासने विचारलं.

"बांग झाली साहेब," हनीफभाई पडद्याबाहेरून म्हणाले. "शटर खाली. तुमी जेवा निवांत. आता कोण आत नाय, कोण बाहेर नाय. मी खालीच नमाज पढून आलो."

अर्ध्या अंधारात, बंद दुकानात, काट्यांचा मासा. विश्वासला काटा दिसेना, मला विश्वास दिसेना. आम्ही दोघं पन्नाशीची माणसं कॉलेजातल्या पोरांसारखी खुसखुसत होतो. पलीकडच्या पडद्यातलं लहान मूल आमचं ऐकून हसायला लागलं, मग त्याची आई. शटर वर गेलं तेव्हा आमच्या ताटात अर्ध्याहून जास्त मासा शिल्लक होता. हनीफभाई म्हणाले, "काय ओ वहिनी, कोकणात न्याला पाहिजे तुमाला. अंधारात बांगडा सोलता येत नाय?"

गुरुवार

इथे सुट्टी गुरुवार-शुक्रवार. बुधवारी संध्याकाळी मी शेवटचं, सगळ्यात मोठं गणित लावलं. सगळं इतकं बारीक की याहून बारीक करायला जागा नव्हती. ते चोवीस तास चालून गुरुवारी सूर्यास्ताच्या सुमारास संपणार होतं. संपल्यावर फक्त आलेख उरणार. आतली लाट जपून ठेवायची सोय मी जागा वाचवायला काढून टाकली होती, म्हणजे संपलेलं गणित तिथून पुढे नेता येणार नव्हतं.

गुरुवारी दुपारी समीरनी आईच्या घरी जेवायला बोलावलं होतं, जेद्दात. पुरुष एका खोलीत, बायका दुसऱ्या. माझ्या खोलीत समीरची आई, त्यांची बायको नूरा, गालिचे, उशा आणि कॉफी. ही कॉफी आपली नव्हे. फिकट सोनेरी, वेलदोड्याची, बिनसाखरेची, बिनदांडीच्या इवल्या कपात घोटभर. बरोबर खजूर.

आपल्याकडे वाढलेलं टाकायचं नाही. मी कप रिकामा केला. आईंनी भरला. मी रिकामा केला. त्यांनी भरला. पाहुणीचा मान म्हणून मी संपवत होते आणि पाहुणीचा मान म्हणून त्या भरत होत्या. बऱ्याच वेळाने नूराला माझी दया आली. "नको असेल तर कप असा हलवायचा," तिने मनगट हलवून दाखवलं. "नाही तर आई मगरिबपर्यंत, सूर्यास्ताच्या नमाजापर्यंत भरतील." तोवर माझं डोकं हलकं झालं होतं आणि हात आपोआप हलत होता, वेगळा हलवायची गरज नव्हती.

आईंना माझ्या कामाविषयी ऐकायचं होतं. मी खजुराच्या बिया घेतल्या, नक्षीचं तबक पुढे ओढलं आणि इंग्रजीत सांगू लागले. नूरा अरबीत सांगत होती. हे तबक म्हणजे स्फटिक. ही बी म्हणजे हायड्रोजन. येते, आपटते, या दिशेला जाते, नाही तर या दिशेला. एखादी मात्र तबकाच्या नक्षीत अडकते. लगेच उडत नाही, तबकावरच पळत राहते, मग कधी तरी सुटते.

आई लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांनी अडकलेल्या बीकडे बोट करून काही विचारलं.

"आई विचारतात," नूरा म्हणाली, "ही बसलेली पाहुणी, ही उठेपर्यंत तुम्ही थांबलात ना?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात मला साताऱ्याची वीज आठवली.

साताऱ्यात आमच्याकडे दिवसातून दोनदा भारनियमन. गणित कितीही चांगलं असलं तरी दोन वेळा वीज जाण्याच्या मधल्या वेळात संपलं पाहिजे. म्हणून किती वेळ लाट बघायची हा आकडा मी फार पूर्वी त्या हिशोबाने ठरवला आणि विसरून गेले. थुवालला येऊन मी सगळं बारीक केलं, सगळं वाढवलं, तो एक आकडा तेवढा साताऱ्याचाच राहिला. जे रेणू आपटून लगेच परत जातात तेवढे मोजून मी दिवे मालवत होते. खड्डा पडतो तो अडकून बसणाऱ्यांमुळे. ते उठण्याआधी मीच उठत होते.

मी उभी राहिले. नूराला वाटलं मला मळमळतंय.

पुरुषांच्या खोलीच्या दाराशी जाऊन मी विश्वासला आणि समीरना बाहेर बोलावलं. समीर लगेच समजले. चालू गणितातला तो आकडा बदलता येतो, पण संपण्याआधी. आणि नव्याने सुरू करावं तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पुरं होणार नाही. त्यांनी यंत्राच्या खोलीत फोन लावला, तीनदा. सुट्टीचा दिवस, कोणी उचलेना. बाहेरून यंत्रात शिरायची सोय अजून सुरू झाली नव्हती.

"तुम्ही जा," ते म्हणाले. "मला हलता येत नाही, आत माझे चार मामा बसलेत. पण न जेवता जाताय हे आईला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

मी सांगितलं. आईंनी ऐकून घेतलं, आत गेल्या, आणि मोठ्या परातीत भात, वर बकऱ्याची अख्खी भाजलेली मांडी, वर कागद, असं विश्वासच्या हातात ठेवलं. त्यांचा निरोप नूराने सांगितला, "पाहुणी उठली की ताबडतोब कळवा."

हनीफभाई गाडीशी नव्हते. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाला गेले होते. आम्ही परात घेऊन मशिदीबाहेर उभे.

"वहिनी, तुमी फोन करीत होत्या, खिशात थरथरत होता," ते चपला घालत म्हणाले. "पण अल्लाला थांबवून हायड्रोजनकडे कसा येऊ? चला, यल्ला."

पाऊण तास विश्वास मांडीवर परात घेऊन बसला होता. प्रत्येक खड्ड्याला कागदाखालून भातातले बेदाणे उडत. "मला कोणी तरी सांगेल का," तो म्हणाला, "आपण नेमकं कोणाला उठवायला चाललोय?"

"उठवायला नाही. उठेपर्यंत बसायला."

"त्यासाठी धावत जायचं?"

"हो."

हनीफभाईंनी रेडिओ बंद केला. म्हणाले, हे जास्त चांगलं आहे.

थुवालच्या फाटकावर हनीफभाईंच्या गाडीला आत परवानगी नाही. आतली बस सुट्टीमुळे तासाला एक, आणि आत्ताच गेलेली. सूर्य समुद्राच्या बराच जवळ आलेला. चौकीला टेकून एक सायकल उभी होती. पहारेकरी केरळचा. मी हिंदीत विचारलं, "ये आपका है?" तो म्हणाला, "मैडम, ब्रेक एक ही है." मी म्हटलं, एक पुरेल.

अबाया घालूनच बसले ही चूक. दहा पायडल मारल्यावर तो साखळीत गेला आणि मी खजुरीच्या एका तरण्या झाडाला मिठी मारून थांबले. अबाया ओढून काढला, तेलकट, फाटलेला, तो मागून आलेल्या विश्वासच्या परातीवर टाकला आणि सुटले. मी सायकल शेवटची शाळेत चालवली होती. रस्ता नवा, गुळगुळीत, वारा पाठीमागून, दोन्ही बाजूंना कारंजी. खोटं कशाला बोलू, मजा आली. एका चौकात मी घंटीही वाजवली, समोर कोणी नसताना.

गणित चालू होतं. शेवटची काही मिनिटं राहिली होती. मी तो आकडा शोधला आणि त्याच्यापुढे एक शून्य वाढवलं, म्हणजे शुक्रवारी माझी वेळ संपेपर्यंत ते थांबणार नाही. पडद्यावरची ओळ क्षणभर थांबली, मग पुढे सरकली.

विश्वास परात घेऊन पोचला तेव्हा मी पायरीवर बसले होते. आम्ही तिथेच भात खाल्ला. वाटा काढून त्याने फाटकावर हनीफभाईंना आणि पहारेकऱ्यालाही नेऊन दिला. समुद्र तांबडा झाला होता. आत आलेख अजून सरळच होता.

शुक्रवार

सकाळी नऊला पाहिलं तर रेषा एका ठिकाणी किंचित खाली वाकली होती. चष्म्याचा डाग असेल म्हणून मी चष्मा पुसला. अकराला ती वाटीसारखी झाली. जुम्म्याच्या नमाजानंतर समीर आले, तेव्हा तो खड्डा होता. अरुंद, खोल, आणि जर्मनांना जिथे सापडला होता त्याच वेगाला. मी त्यांची रेषा आणि माझी रेषा एकावर एक ठेवल्या. ओढ बरोबर होती. चार वर्षं बरोबर होती.

समीरनी आईला फोन लावला आणि अरबीत एकच वाक्य बोलले. पलीकडून इतका आनंदाचा आवाज आला की त्यांनी फोन कानापासून लांब धरला.

तरी मी यंत्राला संध्याकाळपर्यंत चालू दिलं, वेळ माझीच होती. आणि चारच्या सुमाराला रेषा दुसऱ्या एका ठिकाणी वाकायला लागली. कमी वेगाच्या बाजूला, पहिल्याहून अरुंद. मी जर्मनांचा आलेख पुन्हा उघडला. तिथे त्यांचं काहीच नव्हतं. सरळ रेषाही नव्हती. त्या वेगाला त्यांनी मोजलंच नव्हतं.

मी हसायला लागले ते थांबेना. विश्वास उठून शेजारी आला.

"हा दुसरा कुठला?"

"हा त्यांच्याकडे नाही. त्यांनी बघितलाच नाही."

"म्हणजे चुकलं?"

"म्हणजे आता मी त्यांना लिहिणार, की या वेगाला झोत सोडा आणि बघा. सापडला तर सापडला."

"आणि नाही सापडला तर?"

"तर मी म्हणेन, जरा थांबा."

विश्वासने पडद्यावरचे दोन्ही खड्डे नीट पाहिले. बँकेत सही तपासताना पाहतो तसे. मग म्हणाला, "चार वर्षं ते तुला कामाला लावत होते. आता तू त्यांना लाव."

मी यंत्र समीरच्या ताब्यात दिलं आणि आम्ही सायकल परत करायला निघालो. मी चालवत होते, विश्वास मागे कॅरिअरवर, मांडीवर रिकामी परात. उतारावर तो म्हणाला, "ब्रेक एकच आहे, लक्षात आहे ना?" मी म्हटलं, "आहे," आणि पाय वर उचलले.